सायलेन्सरच्या उष्णतेपासून वीज : उद्यमनगरातल्या शेडपासून पेटंटपर्यंत

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, जवळपास तेवढीच रेडिएटरमधून उडून जाते आणि तेवढीच सायलेन्सरवाटे धुराबरोबर बाहेर पडते. डिप्लोमाला शिकताना हे परीक्षेत लिहिलं होतं. त्या तिसऱ्या हिश्श्यातून थोडी वीज काढणारी पेटी आम्ही कोल्हापुरात बनवली, डायनोवर (इंजिनावर भार टाकून त्याची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) तपासली आणि तिच्यातल्या एका यंत्रणेचं पेटंट सप्टेंबर २०२५ मध्ये मिळालं. सुरुवात जून २०२२ ची. या तीन वर्षांत पदोपदी वाटायचं, की आधी या वाटेने गेलेल्या कुणीतरी आकड्यांसकट आणि फॉर्मच्या नंबरांसकट मराठीत लिहून ठेवायला हवं होतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून पाठवतो. माल न्यायला घरचा टेम्पो आहे आणि तो आंबा घाटातून रत्नागिरीकडे नेहमी जातो. घाट चढून आलेल्या गाडीखाली वाकलं की सायलेन्सरची धग तोंडाला लागते. दुसरीकडे त्याच गाडीचा अल्टरनेटर हेडलाइट आणि ब्लोअरसाठी इंजिनाकडूनच शक्ती ओढत असतो. अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के धरा. म्हणजे शंभर वॅट विजेसाठी इंजिनाला पट्ट्यावरून एकशेऐंशीच्या आसपास वॅट द्यावे लागतात. यातली काही वीज फुकट जाणाऱ्या धुरातून मिळाली तर तेवढा भार हलका होईल, एवढाच विचार होता.

वाचायला लागल्यावर कळलं, की या कामाच्या तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे धुराच्या झोतात टर्बाइन बसवणं. स्कॅनियाने १९९१ मध्ये टर्बो-कंपाउंड ट्रकमध्ये ते केलं आणि फॉर्म्युला वनच्या गाड्यांमध्ये २०१४ ते २०२५ या काळात टर्बोच्या दांड्यावर जनरेटर होता. दुसरी, धुराच्या उष्णतेवर वाफ करून तिच्याकडून काम करून घेणं. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये असा प्रकल्प दाखवला होता. तिसरी वाट थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूलची. एक बाजू तापवली, दुसरी थंड ठेवली की मॉड्यूलमधून थेट वीज मिळते, हलणारा एकही भाग लागत नाही. थॉमस झेबेक यांना हा परिणाम १८२१ मध्ये दिसला. १९७७ साली सोडलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर वीज मिळवतात, फक्त त्यांची उष्णता प्लुटोनियमची आहे. टर्बाइनची अचूकता आमच्या शॉपच्या आवाक्याबाहेरची होती आणि वाफेचा बॉयलर टेम्पोखाली बसवायची माझी तयारी नव्हती. मॉड्यूल मात्र दोन प्लेटांमध्ये दाबायचं काम होतं, आणि प्लेटा तर आम्ही रोजच करतो.

मॉड्यूलची खरेदी

इथे सगळ्यात जास्त सांभाळा. बाजारात दोन जातीची मॉड्यूल मिळतात आणि दिसायला दोन्ही सारखीच पांढरी चौकोनी फरशी असते. पहिली थंड करण्यासाठीची, म्हणजे पेल्टियर. ती स्वस्त असते, पण तिच्यातलं सोल्डर कथिल-बिस्मथचं असतं आणि ते १३८ अंशांना वितळतं. दुसरी वीज करण्यासाठीची. ती सतत अडीचशे अंशांपर्यंत टिकेल अशी बनवलेली असते आणि किंमत कितीतरी पट. ऑगस्ट २०२२ मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वीज करणारी म्हणून मागवलेली मॉड्यूल प्रत्यक्षात पहिल्या जातीची निघाली, वरचा नंबर घासून काढलेला. हॉट प्लेटवर १५० अंशांना ठेवताच व्होल्टेज कोसळलं. पैसे परत मिळायला दिवाळी उजाडली. त्यामुळे कुणाकडूनही घ्या, आधी एकच नग मागवा, बल्बचा भार जोडून हॉट प्लेटवर १८० अंशांना तासभर ठेवा, आणि व्होल्टेज स्थिर राहिलं तरच बाकीची ऑर्डर द्या. दुसरी सूचना : मॉड्यूलचा अंतर्गत रोध साध्या मल्टिमीटरने मोजू नका. हाताच्या उबेनेही ते वीज करतं आणि मीटर चुकीचा आकडा दाखवतो. आधी मोकळं, म्हणजे भार न जोडता व्होल्टेज घ्या, मग किती ते ठाऊक असलेला भार लावून पुन्हा घ्या आणि त्या दोनवरून रोध काढा.

शेवटी ५६ मिलिमीटर चौरसाची बिस्मथ टेल्युराइडची पंधरा मॉड्यूल परदेशातून मागवली, बारा कामाला आणि तीन राखीव. कुरिअर, कस्टम आणि जीएसटीसह ३८,००० रुपयांच्या आसपास गेले. कुरिअर कंपनीला केवायसीसाठी पॅन आणि आधार लागतं, आणि मालाचं वर्णन बिलावर स्पष्ट नसेल तर पार्सल कस्टममध्ये अडकून पडतं. आमचं काही दिवस अडकलं. मॉड्यूलचं माहितीपत्रक आणि पैसे भरल्याची पावती ईमेलने पाठवल्यावर सुटलं. ही दोन्ही कागदपत्रं आधीच पीडीएफ करून ठेवा.

पहिली पेटी

पेटीची रचना साधी आहे. मध्ये स्टेनलेस ३०४ ची चारशे मिलिमीटर लांब, चपटी पेटी, तिच्यातून धूर जातो. वर-खाली दोन्ही अंगांना सहा-सहा मॉड्यूल आणि त्यांच्यावर पाणी फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा. पेटी आर्गॉन वेल्डिंगने आमच्या शॉपमधल्या वेल्डरनी केली. त्यांना सगळं उद्यमनगर मामा म्हणतं, मीही तेच लिहिते.

थंड बाजूला इंजिनाचंच पाणी वापरता येईल असं वाटू शकतं. पण ते पाणी ऐंशी-नव्वद अंशांचं असतं, आणि मॉड्यूलची वीज तापमानांतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फरक दुप्पट झाला तर वीज चौपट. म्हणून वेगळं छोटं रेडिएटर आणि ९ वॅटचा पंप लावला.

मॉड्यूल दाबून बसवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. आमच्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकाप्रमाणे एका नगावर पावणेचारशे किलोच्या आसपास दाब हवा होता. नुसत्या बोल्टने तो दिला तर पेटी तापल्यावर दाब वाढतो, गार झाल्यावर सुटतो. बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर वापरले की तो बऱ्यापैकी कायम राहतो. बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा. उष्णता पोचवणाऱ्या पेस्टऐवजी आम्ही ग्राफाइटची पातळ शीट वापरली. तिचं कारण पुढे येतंच.

तपासणीसाठी इंजिन हवं होतं. गाडीवर थेट लावायचा विचार आधीच सोडला होता, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या उपकरणांना स्वतःलाच उष्णता लागते. त्यांच्याआधी उष्णता काढून घेतली तर गाडी जास्त प्रदूषण करेल. पेटी बसवायची तर ती त्यांच्यानंतरच. त्यामुळे जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन सिलिंडरचं, दीड लिटरचं डिझेल इंजिन एडी करंट डायनोवर आहे, ते भाड्याने मिळतं का हे विचारायला गेले.

मिळालं. दिवसाला ४,००० रुपये आणि डिझेल आमचं. प्रयोगशाळेतले सर मनापासून मदत करणारे होते. पण त्यांनी पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला, "ताई, उद्या यातून काही निघालं तर ते कुणाचं?" हा प्रश्न मला सुचलाच नसता. कॉलेजच्या जागेत, कॉलेजच्या उपकरणांवर काम झालं तर त्यांचं बौद्धिक संपदा धोरण लागू होऊ शकतं. सरांच्या सल्ल्याने मी प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला : चाचणी शुल्क भरून सुविधा वापरते आहे, संशोधनावर कॉलेजचा हक्क नसेल, तसं ना-हरकत पत्र मिळावं. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, समितीची बैठक पुढे ढकलली गेली आणि पत्र हातात पडायला नोव्हेंबर उजाडला. चिडचिड झाली. पण पुढे पेटंट एजंटने पहिल्या भेटीत मागितलेला कागद तोच होता, त्यामुळे चाचणीआधी हे पत्र घ्याच.

डिसेंबर २०२२ मध्ये पहिली चाचणी झाली. दोन हजार आरपीएम, पंधरा किलोवॅटचा भार, पेटीच्या तोंडाशी धूर ३८० अंशांचा. मॉड्यूलच्या गरम बाजूला मात्र जेमतेम ११० अंश. बाराही मॉड्यूलची मिळून वीज आली १२ वॅट. व्होल्टेज जुळवणाऱ्या कन्व्हर्टरचं नुकसान वजा करून साडेदहा राहिले आणि त्यातले नऊ पंपाने घेतले. दीड वॅट उरला.

त्या दिवशी कॉलेजच्या बाहेर चहाच्या गाडीवर मी गप्प बसून होते. मामा म्हणाले, "धूर तापल्याला हाय, पण पत्र्याला त्यो चिकटतोय कुठं? सरळ निघून जातोय न्हवं." सरांनी नंतर पुस्तकी भाषेत हेच सांगितलं. वायूकडून धातूकडे उष्णता जाणं हाच या सगळ्या साखळीतला सर्वांत अरुंद दुवा आहे. महागडं मॉड्यूल घ्या नाहीतर स्वस्त, पेटीच्या आतला पत्रा धुरातून उष्णता ओढून घेत नसेल तर काही होणार नाही. आतून फिन, म्हणजे धुरातून उष्णता ओढणाऱ्या पातळ पट्ट्या लावणं भाग होतं.

मामांचं निरीक्षण आणि पहिला अर्ज

फिनचं काम सुरू होण्याआधीच जानेवारी २०२३ मध्ये एक गोष्ट घडली. पेटी तापल्यावर बोल्टांची भोकं सरकतात अशी मामांची तक्रार होती, म्हणून आम्ही पेटीच्या टोकाला डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं घड्याळ लावलं. स्टेनलेस ३०४ दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन वाढतं. हॉट प्लेटवर भिंत दोनशे अंशांच्या पुढे नेली तेव्हा चारशे मिलिमीटरची पेटी सव्वा मिलिमीटर लांबली. वरच्या-खालच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा पाण्यामुळे गारच, त्या जागच्या जागी. म्हणजे दोन्हींमध्ये सव्वा मिलिमीटरचं सरकणं. ग्राफाइट शीट वापरण्याचं कारण हेच, तिच्यावरून पेटी सरकते आणि मॉड्यूल फाटत नाही.

मामा गेजकडे बघत म्हणाले, "एवढी जोरात ढकलतीय तर तिलाच कामाला लावा की ओ ताई."

आम्हाला पुढे एक झडप हवीच होती. पूर्ण भाराला धूर पाचशे अंशांच्या वर जातो, तेव्हा काही धूर बाजूच्या नळीतून वळवला नाही तर मॉड्यूल मरतात. अशा झडपा जगात आहेत, पण बहुतेक सेन्सर आणि मोटरवर चालतात. आम्ही पेटीच्या सरकण्यालाच एकास आठ लांबीचा तरफेचा दांडा जोडला. सव्वा मिलिमीटरचे दहा मिलिमीटर झाले आणि तेवढ्याने झडप उघडते. पेटी गार झाली की आपोआप बंद. ना वायर, ना सेन्सर.

फेब्रुवारीत कॉलेजमध्ये प्रकल्प प्रदर्शन होतं आणि सरांनी पेटी मांडायला सांगितली होती. मी आनंदाने हो म्हणणार, एवढ्यात त्यांनीच थांबवलं. अर्ज करण्याआधी जाहीरपणे दाखवलेली गोष्ट नवीन उरत नाही, पेटंटचा पायाच जातो. म्हणून आधी तात्पुरत्या विवरणासह अर्ज. याला प्रोव्हिजनल म्हणतात. त्यात दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं, लिहावे लागत नाहीत, पण कल्पना पूर्ण उलगडून लिहावी लागते, कारण जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. मी झडप, तरफ, ग्राफाइट, वॉशर, गेजवरचे आकडे असं सगळं चित्रांसह लिहिलं.

ऑनलाइन भरण्यासाठी क्लास ३ ची डिजिटल सही घेतली, टोकनसह सुमारे २,००० रुपये. मग फॉर्म १ (अर्ज) आणि फॉर्म २ (विवरण). व्यक्तीच्या नावाने ई-फायलिंगचं शुल्क १,६०० रुपये, तीस पानांपर्यंत. त्यापुढे प्रत्येक पानाला १६० आणि दहाच्या पुढच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. कंपनीच्या नावाने केला तर लहान उद्योगाचा दाखला आणि फॉर्म २८ जोडावा लागतो. मी माझ्या नावाने केला, त्याचा एक फायदा पुढे झाला.

फॉर्म १ मध्ये आविष्कारक कोण हा रकाना असतो. अर्जदार मी, पण सरकण्याला कामाला लावण्याची कल्पना मामांची. मी दोघांची नावं लिहिली. मामा आधी नको म्हणत होते, "माझं नाव कशाला सरकारी कागदात." त्यांना समजावलं, की यात त्यांच्यावर कसलीही देणेदारी येत नाही. अर्जाचा हक्क मला देत असल्याची सही त्यांनी त्याच फॉर्मवर केली. त्यांच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि बँकेच्या पासबुकात दुसरं होतं. आम्ही आधारप्रमाणे ठेवलं आणि शेवटपर्यंत प्रत्येक कागदावर तेच लिहिलं. वेल्डर, फिटर, ऑपरेटर यांच्या डोक्यातून निघालेल्या कल्पना दुसऱ्यांच्या नावावर लागलेल्या मी उद्यमनगरात पाहिल्या आहेत. तुम्ही असा अर्ज करणार असाल तर हा रकाना प्रामाणिकपणे भरा.

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्ज दाखल झाला. अर्जाच्या नंबरात वर्षानंतर येणारा २ म्हणजे मुंबई कार्यालय. महाराष्ट्रातले अर्ज तिथेच जातात. पावती निघाली तेव्हा शॉपमध्ये पेढे वाटले. प्रदर्शनात पेटी दाखवली ती त्यानंतर.

फिन, आणि मीटर दाखवतो त्यापलीकडचा हिशेब

प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण द्यावंच लागतं, मुदत वाढत नाही. ते वर्ष फिनमध्ये गेलं. एक दाट फिनची आणि एक विरळ फिनची, अशा दोन पेट्या करायचं आधीच ठरवलं होतं. साहित्य आणि लेबर मिळून दोन्हींना २२,००० रुपये लागले.

जून २०२३ मध्ये दाट फिनची पेटी डायनोवर लावली. त्याच भाराला ७२ वॅट! डिसेंबरच्या सहापट. सगळे खूश झाले, मोबाइलवर मीटरचे फोटो काढले. सर मात्र पेटीच्या तोंडाशी लावलेल्या पाण्याच्या यू-ट्यूबकडे, म्हणजे दाब मोजणाऱ्या U आकाराच्या नळीकडे बघत होते. पाणी ४२० मिलिमीटर वर गेलं होतं.

धुराला बाहेर पडायला अडथळा झाला की पिस्टनला तो जोर लावून ढकलावा लागतो. तो जोर किती, हे काढायला अवघड नाही. पाण्याचा एक मिलिमीटर म्हणजे ९.८ पास्कल, म्हणून ४२० मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,१०० पास्कल. दीड लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन हजार आरपीएमला सेकंदाला २५ लिटर धूर ढकलतं. दाब गुणिले आकारमान : १०३ वॅट. आता दुसरी बाजू. ७२ मधून कन्व्हर्टरचं नुकसान आणि पंपाचे ९ वॅट वजा केले की ५४ उरतात. तेवढी वीज अल्टरनेटरला करावी लागली नाही, म्हणून ५५ टक्क्यांच्या हिशेबाने इंजिनाचे ९८ वॅट वाचले. वाचले ९८, गेले १०३. मीटरवर ७२ वॅट दिसत असताना इंजिन तोट्यात होतं.

इंटरनेटवर सायलेन्सरवर मॉड्यूल लावून बल्ब पेटवणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत. त्यांतल्या बल्बपेक्षा बॅक प्रेशरचा, म्हणजे धुराला होणाऱ्या या अडथळ्याच्या दाबाचा आकडा विचारा, एवढं मी कळकळीने सांगते. तो आकडा नसेल तर त्या प्रयोगाचा फायदा-तोटा कुणालाच ठाऊक नसतो. दाब मोजणाऱ्या यू-ट्यूबला पारदर्शक नळी, पट्टी आणि रंगीत पाणी लागतं, शंभर रुपयेही खर्च नाही.

विरळ फिनची पेटी ऑक्टोबरमध्ये लावली. वीज ६१ वॅट, म्हणजे कमी. पण यू-ट्यूब १८० मिलिमीटरवर. त्याचे ४४ वॅट गेले. ६१ मधून सगळं वजा जाता ४५ वॅट वीज उरली, म्हणजे इंजिनाचे सुमारे ८१ वॅट वाचले. निव्वळ फायदा ३७ वॅट. मी पुन्हा पुन्हा आकडे तपासले. खूप नाही, पण फायदाच होता. पूर्ण भाराला धूर पाचशेच्या वर गेला तेव्हा तरफेने झडप उघडली आणि मॉड्यूलची गरम बाजू २३५ अंशांच्या पुढे गेली नाही. माझ्यासाठी तो वॅटपेक्षा मोठा आनंद होता.

डिझेल किती वाचलं, हे सगळे विचारतात. पंधरा किलोवॅटमध्ये ३७ वॅट म्हणजे पाव टक्का. ब्युरेटने (खुणा असलेल्या काचेच्या नळीने) इंधन मोजण्याच्या आमच्या पद्धतीत तेवढा फरक दिसतच नाही. त्यामुळे "इंधन बचत" हे शब्द मी विवरणात कुठेही लिहिले नाहीत, सरांनीही तसाच आग्रह धरला. आणखी एक गोष्ट. बिनभाराला, म्हणजे सिग्नलला किंवा कारखान्यासमोर उसाच्या रांगेत गाडी नुसती चालू असते तेव्हा, ही पेटी दोन-तीन वॅटच देते आणि पंप त्याहून जास्त खातो. म्हणून पंपाला नव्वद अंशांवर जोडणारा छोटा थर्मोस्टॅट स्विच लावला. शहरात फिरणाऱ्या टेम्पोला ही यंत्रणा कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तासन् तास भाराखाली चालणारं इंजिन, जसं लांब पल्ल्याचा ट्रक किंवा जनरेटर, हीच तिची जागा. पेटीचं वजन चौदा किलो आहे, तेही हिशेबात धरायला हवं.

मॉड्यूल जोडण्याबद्दल थोडं. धूर आत शिरतो तिथली मॉड्यूल जास्त तापतात, शेवटची कमी. सगळी एकाच मालिकेत जोडली तर गार मॉड्यूल गरम मॉड्यूलचा प्रवाह अडवतात. आम्ही चार-चारच्या तीन ओळी केल्या आणि प्रत्येक ओळीला वेगळा कन्व्हर्टर दिला. मोकळ्या व्होल्टेजच्या निम्म्यावर भार धरला की जास्तीत जास्त वीज मिळते, कन्व्हर्टर त्याप्रमाणे लावा.

पूर्ण विवरण, आक्षेप, सुनावणी

पूर्ण विवरणाला मी पुण्याचे एक पेटंट एजंट घेतले. टप्प्याटप्प्याने मिळून त्यांची फी ४५,००० रुपये झाली. प्रोव्हिजनल स्वतः लिहिता येतं, पण दाव्यांची भाषा हे वेगळं कौशल्य आहे आणि तिथे पैसे वाचवू नयेत असं मला वाटतं. आम्ही दावे दहावर थांबवले, जादा शुल्क लागलं नाही.

९ फेब्रुवारी २०२४ ला पूर्ण विवरण आणि फॉर्म ५ (आविष्कारक कोण याची घोषणा) गेले. फॉर्म ३ सुद्धा, परदेशात अर्ज नसला तरी तसं लिहून द्यावं लागतं. त्याच दिवशी फॉर्म ९ म्हणजे लवकर प्रसिद्धीची विनंती, २,५०० रुपये. आणि फॉर्म १८-ए म्हणजे जलद परीक्षण, ८,००० रुपये. नेहमीच्या परीक्षणाचा फॉर्म १८ व्यक्तीला ४,००० मध्ये होतो, पण रांग मोठी असते. जलद रांग सगळ्यांसाठी खुली नाही. स्टार्टअप आणि लहान उद्योगांना मिळते, आणि व्यक्तींनी केलेल्या अर्जात किमान एक अर्जदार महिला असेल तरी मिळते. ही सवलत सप्टेंबर २०१९ पासून आहे आणि उद्यमनगरात फारच थोड्या जणींना ठाऊक आहे. बायकांनो, स्वतःच्या नावाने अर्ज करत असाल तर ती मागून घ्या.

मार्चमध्ये पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी झाली. त्यानंतर फोन सुरू होतात : प्रमाणपत्र देतो, पुरस्कार देतो, परदेशात नोंदवून देतो. ईमेल आणि पत्ता जर्नलमधून उचललेला असतो. कुणालाही पैसे देऊ नका.

पहिला परीक्षण अहवाल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला. पंचगंगा तेव्हा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वाहत होती, आमचे कामगार पुराच्या पाण्यामुळे येऊ शकत नव्हते. बंद शॉपमध्ये एकटी बसून मी तो वाचला. जवळजवळ सगळे दावे नाकारलेले. कलम २(१)(जेए) खाली कल्पकतेचा अभाव, कलम ३(एफ) खाली "ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी", आणि जोडीला दोन जुनी परदेशी पेटंटं. पाय गळाले. एजंटना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, असा अहवाल जवळपास प्रत्येकाला येतो. ही नकाराची चिठ्ठी नव्हे, हा संवाद आहे." उत्तराला सहा महिने असतात.

ती जुनी पेटंटं मी रात्री बसून ओळ न् ओळ वाचली. पेटी, मॉड्यूल, बाजूची नळी, झडप सगळं त्यांत होतं. पण झडप मोटरने फिरत होती. कलम ३(एफ) म्हणतं की प्रत्येक भाग आपापलं काम स्वतंत्रपणे करत असेल तर ती नुसती मांडणी. आमच्या पेटीत तर उष्णता देणारी भिंत स्वतःच झडप हलवते. एकाच भागाची दोन कामं एकमेकांवर अवलंबून आहेत, पेटी बदलली तर झडप चालणार नाही. उत्तर या एका मुद्द्यावर उभं केलं. पहिला दावा अरुंद करून पेटी आणि प्लेटांमधल्या प्रसरणाच्या फरकापुरता ठेवला, बाकीचे सोडून दिले. सोडताना जीवावर आलं. पण मामांचा मुद्दा तोच होता आणि खरा नवाही तोच होता. डायल गेजचा तक्ता आणि डायनोचे आकडे जोडले. चाचणीच्या वह्यांवर प्रत्येक दिवशी तारीख आणि सरांची सही होती, त्यामुळे ते पटकन उभं करता आलं. डिसेंबरात उत्तर गेलं.

मे २०२५ मध्ये सुनावणी झाली, व्हिडिओवर. मुंबईला जावं लागलं नाही. नोटीस ईमेलने येते, तरी पोर्टलवर अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहत जा. पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलर साहेबांनी तरफेचं गुणोत्तर आणि पेटी गार झाल्यावर झडप परत बसते का, हे विचारलं. एजंटनी कायदा मांडला, तांत्रिक उत्तरं मी दिली. वीसेक मिनिटांत संपलं. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, ते दिलं. मग थांबणं आलं. या काळात पोर्टल उघडायची भीतीच वाटायची.

१९ सप्टेंबरला एजंटचा फोन आला. मी मामांना हाक मारली, त्यांनी हेल्मेट वर केलं आणि विचारलं, "झालं?" झालं म्हटल्यावर म्हणाले, "मग आता दुसरी पेटी हलकी करू या. चौदा किलो लई होतंय."

आता पुढची कामं. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०४३ पर्यंत. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क लागतं, व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये. मंजुरी दोन वर्षांनंतर मिळाली असेल तर मागचं शुल्क नोंदीपासून तीन महिन्यांत भरायचं असतं. आम्ही ते भरलं आणि पुढच्या वर्षाचंही सोबतच. वापराचं विवरणपत्र, फॉर्म २७, नव्या नियमांप्रमाणे तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं, त्याची तारीख शॉपच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासणी लागेल आणि तो खर्च आमच्या शॉपला झेपणारा नाही. म्हणून पहिली बोलणी जनरेटर जुळवणाऱ्या एका स्थानिक उद्योजकांशी चालू आहेत. तिथे आरटीओचा प्रश्न येत नाही, भार सलग असतो आणि चौदा किलोही खपून जातात. त्यांच्या इंजिनावर यू-ट्यूब लावायला आम्ही पुढच्या महिन्यात जाणार आहोत.